गुलाबी वाटी शेजारी गेली

हसायचं तर हसा, पण आधी तो चहा खाली ठेवा, अंगावर सांडाल. हे ऐकताना माझ्या सख्ख्या मेव्हण्याला ठसका लागला होता.

माझा नाद तुम्हाला माहीतच आहे. जुनी रंगीत काच. अमेरिकेत मोठी मंदी आली होती ना, तेव्हा तिकडे ही गुलाबी-हिरवी भांडी मातीमोलानं विकायचे, कधी धान्याच्या खोक्यात फुकट टाकायचे. आज त्यांच्यासाठी माझ्यासारखे वेडे सुरतेच्या जुन्या बाजारात उन्हातान्हात फिरतात. लिंबायतच्या आमच्या दोन खोल्यांत कपाटाचा वरचा कप्पा या काचेचाच. त्यातली गुलाबी वाटी म्हणजे माझा जीव. तशी दुसरी मला आजवर दिसलेली नाही.

एका संध्याकाळी कामावरून आलो, तर कप्प्यात वाटी नाही.

"मंगल, माझी वाटी?"

"हंसाबेनकडे भरीत दिलं तिच्यातून," बायको म्हणाली. "स्टीलच्या सगळ्या घासायला पडल्या होत्या."

अमेरिकेची मंदी सोसलेली वाटी, आणि तिच्यात वांग्याचं भरीत! मी तसाच निघालो, तर मंगल दारात आडवी.

"मागायला जाऊ नका, लाज काढाल. रिकामी वाटी कुणी परत देतं का? काही चांगलंचुंगलं केलं की भरून देतील त्या."

म्हणजे कधी? हंसाबेनचं घर आमच्या भिंतीला लागून. पलीकडे भांडं वाजलं की मी इकडे भिंतीला कान लावायचो. माझी झोप गेली. शेवटी राहवेना, म्हणून त्यांच्या दारात जाऊन उभा राहिलो.

"हंसाबेन, आज रसोईमां शुं?"

"दाळ-भात."

"बस? बाकी काही नाही?"

त्यांनी मला नीट निरखून पाहिलं. "भाई, जम्या के नहीं?"

इथेच माती खाल्ली. म्हटलं, जेवलो नाही म्हणालो तर वाटी भरूनच येईल. चेहरा पाडून बोललो, "कुठलं जेवण, बेन."

वाटी नाही आली. डबा आला, स्टीलचा, गच्च भरलेला. घरी पोटभर जेवलो होतो, तरी तो संपवला, कारण हंसाबेन समोरच उभ्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा डबा. माझा पट्टा लागेना, आणि गल्लीत बातमी फिरली की मंगलबेन नवऱ्याला उपाशी ठेवतात. भाजीच्या गाडीवर एकीनं तिला सरळच विचारलं, "झगडो थयो के शुं?"

मंगल पिशवी आपटूनच घरात आली. "काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

मी उगाच कपाटाची काच पुसायला लागलो. खरं सांगायचं म्हणजे एका वाटीपायी तिची अब्रू घालवली हे कबूल करायचं. आता वाटी लवकर घरी आली तरच यातून सुटका, असं वाटून हंसाबेनना पुन्हा गाठलं.

"बेन, डबा नको. त्या गुलाबी वाटीत काही दिलंत ना, तर जीव तृप्त होईल माझा."

त्यांचे डोळेच भरून आले.

रविवारी दुपारी त्या आल्या. पदरात धरलेली गुलाबी वाटी, आणि वाटीत वाफाळती कढी. या काचेला गरम सोसत नाही, हे मी भेटेल त्याला सांगत असतो. वाटीला काही झालं नव्हतं. जे झालं ते मला. मी वाटी हिसकावली, कढी ताटात ओतली आणि वाटी लवकर गार व्हावी म्हणून थेट नळाखाली धरली.

टच्.

एक तुकडा हातात, एक मोरीत. तापलेल्या काचेवर गार पाणी घालू नये, हेही मीच भेटेल त्याला सांगत असतो.

मंगल कपाळाला हात लावून उभी. हंसाबेननी तुकडा पाहिला, माझा थरथरणारा हात पाहिला आणि तिच्या कानाशी लागून हळूच म्हणाल्या, "बेन, काय भांडण असेल ते राहू दे. आधी भाईंना जेवायला घाल. भुकेनं हात कापतोय बिचाऱ्यांचा."