कानटोपीतले डॉक्टर आणि उघडं बाळ

"आधी माझी कानटोपी आण, मग बाळाचे कपडे काढ."

हे ऐकून आमच्या सावेडीच्या बाळांच्या दवाखान्यातली नवी सिस्टर हमखास चक्रावायची. बाहेर ऊन मी म्हणत असायचं आणि आमचे मोठे डॉक्टर स्वेटर, मफलर, कानटोपी चढवून गार खोलीत शिरायचे. आत बाळ मात्र नुसत्या लंगोटावर, थंड गादीवर! मी त्यांच्या हाताखाली इतकी वर्षं काढली, तरी ती जोडी बघून मला हसू फुटायचंच. "हस, हस. सर्दी मला होते," म्हणायचे.

आता तुम्ही म्हणाल, हा कुठला छळ? जन्मताना गुदमरलेल्या बाळाच्या मेंदूला प्राणवायू कमी पडतो. पुढे श्वास लागला तरी आतली नासाडी चालूच राहते. ती थोपवायला पहिल्या काही तासांतच बाळाला गार करायचं आणि तीन दिवस तसंच ठेवायचं. "परदेशात जोडीला झेनॉन नावाचा वायूही हुंगायला देऊन बघतात," डॉक्टर सांगायचे. "उपयोग होतो का, अजून ठरलेलं नाही. ठरू दे सावकाश. आपला गारवा आहे तोवर."

त्यांच्या निवृत्तीच्या आठवड्यात राजूरकडची एक मुलगी आली. जन्मल्यावर रडलीच नव्हती, निळी पडलेली. आई तिकडच्या दवाखान्यात, सोबत फक्त आजी. नातीला उघडी बघून म्हातारी कडाडली, "अगं बया! आवो डाक्टर, सवताला कानटोपी आन् लेकराला उघडं? काळीज हाय का दगूड?"

मी तोंडाला पदर लावला. डॉक्टर मात्र शांत. "आजी, दूध उतू चाललं तर काय करता?"

"जाळ बारीक करते. पानी शिंपडते."

"पातेल्यावर गोधडी घालता?"

आजीनं मान हलवून नाही म्हटलं.

"हिच्या डोक्यात तसंच उतू चाललंय. तीन दिवस जाळ बारीक ठेवायचा."

आजी "व्हय" म्हणाली खरी. पण आपल्याकडे बाळंतिणीच्या खाटेखाली शेगडी, बाळाला धुरी, टोपडं, वर दुपटं. जन्मभराची सवय अशी सुटते होय? दुसऱ्या दिवशी मी औषध काढायला वळले, तेवढ्यात बाईनं लुगड्याचा पदर नातीवर पसरला आणि तळवे चोळायला बसली. तापमान चढलं, यंत्र ओरडायला लागलं आणि मीही. नको ते बोलले.

डॉक्टर धावत आले. पदर हळूच उचलला. "आजी, माया आहे ना? मग तीन दिवस आवरून धरा."

आजीनं दोन्ही हात मांडीखाली दाबले. नात थरथरली की तिच्या डोळ्यांना धार लागायची, पण हात काही निघाले नाहीत. मला माझीच लाज वाटली, तिच्यासाठी चहा घेऊन गेले.

तिसऱ्या दिवसानंतर बाळाला अगदी हळूहळू ऊब द्यायला घेतली. आता खरा जीव टांगणीला. ही दूध ओढेल का? मेंदू सावरत असल्याची तीच पहिली खूण. न ओढणारी बाळंही आम्ही पाहिली होती, त्याबद्दल बोलवत नाही. नेमका त्याच दिवशी अंगणात डॉक्टरांचा निरोप समारंभ. खुर्च्या मांडलेल्या, पाहुणे आलेले, माईक खरखरतोय आणि उत्सवमूर्तींचा पत्ता नाही!

मी बोलवायला गेले. धुतलेली करंगळी बाळाच्या ओठांत धरून ते वाकून उभे. "थांब गं जरा. होऊ दे त्यांची भाषणं."

ओठ हलले. थांबले. पुन्हा हलले.

"ओढतेय! सिस्टर, ओढतेय ही!" ते एवढ्यानं ओरडले की बाहेरचं भाषण बंद पडलं. मी ढसाढसा रडले आणि हसलेही. लोक शाल-नारळ घेऊन दाराशीच आले. डॉक्टरांनी त्यांच्या हातातली शाल घेतली आणि सरळ आजीच्या खांद्यावर घातली.

"आवो, म्या काय केलं? मी तर नुसती बसून हुते!"

"तेच तर, आजी," डॉक्टर म्हणाले. "तेच लई अवघड हुतं."

समारंभात भाषण काही त्यांनी केलं नाही. दुसऱ्या दिवशी लेकीकडे राहायला गेले.