फ्रेमची काच

नगरपालिकेच्या उत्कृष्ट सेवकाला बक्षीस काय द्यायचं, हे हेडक्लार्क म्हणून मी ठरवलं आणि आमच्या कंदीलवाल्याला काचेच्या फ्रेममधलं प्रशस्तिपत्र दिलं. वसईच्या बंदरावरच्या चौकोनी कंदिलाची एका बाजूची काच फुटली होती. धक्क्यावर कोळणी अंधारात ठेचकाळत होत्या. नव्या काचेसाठी त्याने केलेले तीन अर्ज माझ्याच टेबलाच्या खणात होते. चौकशीला आला की दिसेल ती काच तो डोक्याच्या फडक्याने पुसायचा, एकदा तर माझा चष्मासुद्धा. "आला वारा, गेला दिवा," एवढंच म्हणायचा नि जायचा.

समारंभात अध्यक्षांचं भाषण चालू असताना तो फ्रेम वितीने मोजत होता. दुसऱ्या दिवशी बंदरावरच्या कंदिलाला काच बसली. सुटं प्रशस्तिपत्र त्याने माझ्यापुढे ठेवलं.

"भाऊसाहेब, ह्ये तुमच्या खनात टाका. तिथं कागदाला झोप चांगली लागते."