वेताळाचे एकशेवीस प्राण

माझा मावसभाऊ बोटीवर नोकरीला होता. दर खेपेला तो काहीतरी आणायचा आणि आमच्या घरात त्या वस्तूचं काय करायचं ते कोणालाच कळायचं नाही. एकदा त्याने एक जाडजूड इंग्रजी पुस्तक आणि वीस बाजूंचा पिवळा फासा आणला. एकाने गोष्ट सांगायची, बाकीच्यांनी त्या गोष्टीतले वीर व्हायचं आणि लढाई असो की नदी ओलांडणं, फासा टाकून नशीब बघायचं, असा तो खेळ होता. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर पेणजवळच्या आमच्या हमरापुरात तो दुसरं कोणी खेळत असेल असं मला वाटत नाही. मी बी.कॉम. होऊन घरीच बसलो होतो आणि चार लोकांनी आपलं ऐकावं ही हौस मला लहानपणापासून दांडगी. त्यामुळे गोष्ट सांगायचं काम मीच घेतलं.

खेळायला तिघं. धाकटी बहीण आमच्या गणपतीच्या कारखान्यात आखणी करायची, म्हणजे मूर्तींचे डोळे रंगवायची. आतेभाऊ रोह्याचा, रविवारी सकाळच्या गाडीने पेणला उतरायचा. तिसरा माझा शाळेपासूनचा मित्र, खाडीकडच्या गावातला. त्याच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या मिठागराचं काम, पण बांध फुटून दोन वर्षं तिथे मीठच पिकलं नव्हतं. त्याने जवळच डोलवीच्या पोलाद कंपनीत मुलाखत दिली होती आणि पत्राची वाट बघत होता. पत्र नाही आलं तर मुंबईला मामाकडे जाऊन पडेल ते काम करायचं, असं घरात ठरलं होतं. खाडी सोडायच्या कल्पनेने त्याचं तोंड उतरायचं, म्हणून आम्ही तो विषय काढत नसू.

गणपती झाले की कारखान्यात जरा सुस्ती असते. आम्ही एका कोपऱ्यात बसायचो. सोंगट्या म्हणून वडिलांनी गणपतीसमोर ठेवायचे उंदीर वापरायला दिले, पण एका अटीवर. उंदरांना डोळे काढायचे नाहीत. आखणी होईपर्यंत ती माती. डोळे उघडले की तो देवाचा, मग त्याच्याशी खेळ नाही, असा त्यांचा कायदा होता. त्यामुळे आमचे वीर, चोर, राक्षस, सगळे आंधळे उंदीर होते आणि कोण कोण आहे ते शेपटीला बांधलेल्या दोऱ्यावरून ओळखावं लागे.

पुस्तकातली गोष्ट साफ पडली. मी आवाज खोल करून आग ओकणारा ड्रॅगन आणला तेव्हा मित्राने जांभई दिली. आतेभावाने विचारलं की तो शाकाहारी आहे का. माझं डोकं फिरलं. रात्र रात्र बसून मी त्या ड्रॅगनची गुहा आखली होती. मग पुस्तकातच एक सल्ला सापडला, की आपल्या मुलखातल्या देवादिकांना खेळात आणा, रंगत येते. पुढे परदेशी देवांची यादी होती आणि प्रत्येकापुढे त्याचे प्राण आकड्यात लिहिले होते, म्हणजे तेवढे घाव बसले की देव मेला. मी गावाच्या शिवेवरचा वेताळ घेतला आणि त्याला एकशेवीस प्राण दिले. त्या परदेशी देवांना आता कोणी पुजत नाही, ते निवृत्त झालेले. आमचे सगळे अजून ड्यूटीवर आहेत, हा फरक तेव्हा माझ्या लक्षात आला नाही.

वेताळाच्या वाटेवर नदी होती. नकाशासाठी मी सरळ रोह्याची कुंडलिका उचलली होती. तिथे बहिणीची वीरांगना पाण्यात उतरली. गोष्ट सांगणाऱ्याने फासा आडोशाला टाकावा, असा पुस्तकाचा नियम, म्हणून मी पुस्तक उभं धरून त्याच्यामागे फासा टाकायचो. पण एकदाही खोटा आकडा सांगितला नाही, याचा मला फार गर्व होता. तिचा एक पडला. एक म्हणजे मरण.

"तू बघितलाच नसतास तर?" ती म्हणाली. मी म्हटलं, नियम म्हणजे नियम. तिने आपला उंदीर उचलून कपाटावर ठेवला आणि माझ्याशी चार दिवस बोलली नाही. पुढच्या रविवारी मात्र आली आणि खेळणाऱ्यांच्या बाजूला न बसता माझ्या शेजारी, पुस्तकाच्या आडोशाला बसली. मी आता माणसात नाही, तर देव तरी करते, म्हणाली. शाडूच्या मातीचा गोळा घेऊन तिने वीतभर वेताळ केला. दात, मिशा, हातात दंडा, सगळं झकास जमलं होतं. आणि नंतर, सवयीने म्हणा की माझ्यावरच्या रागाने म्हणा, तिने बारीक कुंचला घेतला आणि त्याचे डोळे आखले.

वडिलांनी ते पाहिलं आणि जाताना वेताळाला वळसा घालून गेले.

त्यानंतर माझ्या खेळात लढाई होईना. दोन्ही वीर शिवेवर पोचले आणि मित्राने चपला काढल्या. वीराच्या नव्हे, स्वतःच्या, खऱ्या. आतेभाऊ सामानाच्या यादीत नारळ शोधू लागला. यादीत दोरखंड होता, कंदील होता, दहा फुटी काठी होती, नारळ नव्हता. ज्यांनी हे पुस्तक लिहिलं ते कधी घराबाहेर पडलेले नाहीत, असं त्याचं मत झालं. मी ओरडलो की तुम्ही योद्धे आहात, तलवारी काढा. ते म्हणाले, आधी कौल लावू, देवाने उजवा दिला तर पुढे जाऊ. पहिला रविवार परवानगी मागण्यात गेला. दुसऱ्या रविवारी, शेजारी छापकाम, म्हणजे साच्यातून मूर्ती काढणं, चालू होतं म्हणून आम्ही रोह्याला आत्याच्या ओटीवर खेळलो, तिथेही तेच. वेताळाला पिशवीतून नेताना बहिणीने त्याला गाडीत खिडकीची जागा दिली होती.

शेवटी मी चिडून वेताळालाच त्यांच्यावर घातला. पहिल्याच फटक्यात मित्राचा वीर आडवा झाला. आता फक्त वीस पडले तरच तो जगणार होता. मित्राने त्या वीतभर मूर्तीसमोर हात जोडले आणि म्हणाला, "याला उठव. कोंबडा देईन." मी फासा टाकला. वीस पडले. खरंच पडले.

आम्ही खूप हसलो आणि आत्याने दिलेले कांदेपोहे खाल्ले. मग महिना गेला. मित्राबरोबर मुलाखत दिलेल्या दोघांना पत्रं आली, त्याला नाही आलं. आणि बोलता बोलता त्याने नवसाची गोष्ट आईला सांगून टाकली.

ती बाई दुसऱ्याच दिवशी, भर कामाच्या वेळी, चालत आमच्या कारखान्यात आली. मी तिला समजावलं की काकी, तो खेळ होता, वेताळ मी मनाने रचलेला, त्याचे प्राणसुद्धा मीच ठरवले. तिने ते शांतपणे ऐकलं, मग फळीवरच्या मूर्तीकडे बोट दाखवलं.

"डोलं हायत ना त्याला? मग त्यानी आयकलंय. बोललेला नवस ऱ्हायला, म्हणून पोराचं कागद अडलंय."

मी वडिलांकडे मदतीसाठी पाहिलं. ते म्हणाले की बाई बरोबर बोलतात.

रविवारी आम्ही चौघं वेताळ आणि खेळाचं सामान घेऊन मित्राच्या घरी गेलो. चुलीजवळच्या कोनाड्यात त्याला बसवलं, नारळ फोडला, कोंबड्याचं जे व्हायचं ते परसात झालं. मग काकीने विचारलं की या देवाचा भगत कोण, कौल कोण सांगतो. तिघांनीही माझ्याकडे बघितलं. तिने मला पाटावर बसवलं, कपाळाला हळदकुंकू फासलं आणि समोर हात जोडून बसली. कोंबडा तिच्या घरातला शेवटचा होता, हे मला नंतर कळलं.

"सांग देवा," ती मला म्हणाली, "माज्या पोराला लागंल का नोकरी? का जातंय तो मुंबईला?"

मित्र भिंतीकडे बघत होता. इतके महिने मी जगण्यामरण्याचे निकाल मोठ्या ऐटीत दिले होते, आता हाही द्यायचा होता. मी पुस्तक उभं धरलं आणि त्याच्यामागे फासा टाकला.

तीन.

मी त्या तीनकडे बघत राहिलो. खोटं बोलायचं होतं, मनापासून बोलायचं होतं, पण नियमाचं भूत मानगुटीवर बसलेलं; तोंडच उघडेना. तेवढ्यात शेजारी बसलेल्या बहिणीने फाशावर तळहात ठेवला.

"वीस," ती म्हणाली. "वीस पडलेत, काकी."

काकीने वेताळाच्या पायावर डोकं ठेवलं आणि रडली. मित्राने नाक पुसलं आणि कोंबडा शिजला का बघून येतो म्हणून उठला. आम्ही पोटभर जेवलो. रस्सा इतका तिखट होता की कोणाच्या डोळ्यांत कशाने पाणी येतंय ते विचारायची सोय नव्हती.

पत्र शिमग्याच्या आधी आलं. काकी त्याचं सगळं श्रेय अजून वेताळाला देते आणि मी तिच्याशी वाद घालत नाही. मित्राला शिफ्ट लागली, रविवार सुटले आणि आमचा खेळ मोडला. पण त्याआधी एक काम उरलं होतं. कौल लावला त्या दिवशी घरी परतताना बहीण माझ्यापुढे चालत होती. घर दिसायला लागलं तशी थांबली.

"नदीतली माझी बाई," ती म्हणाली, "तिचा एक पडलाच नव्हता. नीट आठव."

मी नीट आठवलं. घरी गेल्या गेल्या कपाटावरचा उंदीर खाली घेतला, धूळ पुसली आणि नकाशावर नदीच्या पलीकडे ठेवला.