जुबेदाने हायवे ओलांडला तो दिवस

जुबेदाला जळगावच्या बसस्थानकावर सगळे ओळखतात. गेल्या वर्षीपर्यंत तिची ओळख वेगळी होती. प्रवासी रिक्षाजवळ आला की ती आधीच सांगून टाकायची, "हायवे नाही." शनिपेठ, सुभाष चौक, रेल्वे स्टेशन, कुठेही चला म्हणायची. हायवेपलीकडचं नाव निघालं की मागच्या रिक्षाकडे बोट दाखवायची.

रिक्षा तिला नवऱ्याने, रहीमने शिकवली होती. तो डाळ मिलमध्ये कामाला. रविवारी मिल बंद असली की एमआयडीसीच्या मोकळ्या रस्त्यांवर तो तिला वळणं घ्यायला लावी. पण शनिपेठेतून एमआयडीसीत जायचं तर हायवे मध्ये येतो. तिथपर्यंत रिक्षा रहीमच चालवायचा आणि जुबेदा मागे डोळे मिटून बसायची. सोळा चाकांचा ट्रक शेजारून गेला की तिच्या पोटात खड्डा पडे. तेहतीस वर्षं शिवणयंत्र चालवलेली बाई ती, हाताची पक्की होती. पण त्या ट्रकपुढे हातच उचलत नसे.

त्या दुपारी अजिंठा चौफुलीजवळ केळीचा ट्रक मोडून रस्त्यात आडवा झाला होता. इच्छादेवी चौकापर्यंत वाहनं खोळंबली होती. बाकीचे रिक्षावाले चहाच्या टपरीवर जाऊन बसले. जुबेदा आपल्या रिक्षाची काच पुसत होती, तेवढ्यात मागे कुणीतरी येऊन बसलंसुद्धा. सत्तरीच्या पुढची म्हातारी, नऊवारी नेसलेली, मांडीवर फडक्याने बांधलेली टोपली.

"माले इमानतळवर ली चाल, माय," ती म्हणाली.

"आजी, हायवे नाही," जुबेदाने नेहमीसारखं सांगितलं.

"चार वाजता दार बंद व्हस म्हणे," म्हातारी म्हणाली. जणू ऐकलंच नाही.

ती पारोळ्याजवळच्या खेड्यातली भागाबाई. पुण्याला नात दीपमाला बाळंत झाली होती आणि तिनेच आजीचं विमानाचं तिकीट काढलं होतं. मुलगा सोबत यायला निघाला तर भागाबाईने त्याला पारोळ्याच्या स्टँडवरूनच परत पाठवलं. टोपलीत मांडे होते, पहाटे उठून खापरावर भाजलेले. बस वाटेत अडकली आणि आता सव्वातीन वाजले होते.

जुबेदाने टपरीकडे पाहिलं. रिक्षावाल्यांपैकी एकानेही मान वर केली नाही. नेरी नाक्याकडचा रस्ता खोदून ठेवलेला. म्हणजे इच्छादेवी चौकातून हायवेवरच चढायचं.

"मला भीती वाटते हो तिथली," ती खरं ते बोलून गेली.

"ट्रका बठ्ठा उभा शेतस ना?" भागाबाईने विचारलं. "उभा ट्रक कोनले खास का?"

उभा ट्रक कुणाला खातो! जुबेदाला हसू आलं. हसता हसताच तिने रिक्षा चालू केली.

इच्छादेवी चौकात ती पोचली तेव्हा समोर नुसत्या ट्रकच्या भिंती होत्या. इंजिनं बंद, ड्रायव्हर खाली उतरून गप्पा मारतायत. आणि जुबेदाला एकदम दिसलं की म्हातारीचं खरं आहे. ही तर शनिपेठेतली गल्लीच. दोन्ही बाजूंना भिंती आणि मधे बोळ. तिने हँडल वळवलं आणि रिक्षा दोन टँकरांच्या मधून आत घातली.

"डावीकडे किती जागा आहे, आजी?"

"बोटभर शे. ये, ये, आखो ये."

एका ठिकाणी बोटभरही उरली नाही. तेव्हा भागाबाई खाली उतरली, टोपली डोक्यावर घेतली आणि रिक्षाच्या पुढे चालू लागली. "सरक रे भाऊ, मन्हं इमान सुटी जाई," असं ती प्रत्येकाला शांतपणे सांगत होती. दुचाकीवाले पाय टेकत टेकत बाजूला झाले. एका ट्रकवाल्याने वर चढून आपला आरसा आत वळवला. एका नवरदेवाच्या गाडीने मागे जाऊन वाट दिली, वर नवरदेवाने खिडकीतून हात जोडले. चौफुलीवरच्या पोलिसाने घाम पुसत म्हातारीकडे पाहिलं, मग रिक्षा चालवणाऱ्या बाईकडे, आणि काही न विचारता शिट्टी वाजवून दोघींना पलीकडे काढलं.

चौफुलीच्या पलीकडे रस्ता रिकामा होता. भागाबाई परत आत बसली. जुबेदाने रिक्षा पळवली तसा म्हातारीचा पदर मागे फडफडायला लागला. दोघीही हसत होत्या, कशाला ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

"इमान यानापेक्षा जोरमा जास का?" भागाबाईने ओरडून विचारलं.

"थोडंसंच," जुबेदा म्हणाली.

चाराला सात मिनिटं कमी असताना त्या विमानतळाच्या दाराशी होत्या. भागाबाईने फडकं सोडून एक मांडा जुबेदाच्या हातावर ठेवला आणि मागे न बघता आत गेली.

जुबेदा कुंपणापाशी उभी राहून मांडा खात राहिली. विमान छोटंसंच होतं. ते उडालं तेव्हा तिने हात हलवला, मग रहीमला फोन लावला.

"मी विमानतळावर आहे."

"तिथे कुणी नेलं तुला?"

"मीच आले."

"आता तिथेच थांब," रहीम म्हणाला, "मी न्यायला येतो."

"काही नको," म्हणून तिने फोन ठेवला.

ती चौफुलीवर परत आली तेव्हा केळीचा ट्रक हलवलेला होता आणि हायवे सुसाट वाहत होता. ती कडेला थांबली. एक कंटेनर गेला, दुसरा गेला, रिक्षा हादरली. मग एक फट दिसली आणि ती शिरली. पोटातला खड्डा होताच, पण आता झोक्यावर पडतो तसा. इच्छादेवी चौक आला. घरी जायला तिथेच वळायचं होतं. ती वळली नाही. आकाशवाणी चौक, प्रभात चौक, थेट खोटेनगरपर्यंत गेली, तिथून वळसा घेऊन परत आली. मागे प्रवासी नाही, काही नाही. एका ट्रकने हॉर्न दिला तर तिनेही दिला.

घरी रहीम दारातच उभा होता. "इतका वेळ कुठे होतीस?"

"फिरत होते," जुबेदा म्हणाली आणि पुन्हा हसत सुटली.