वास जाईपर्यंत

काकूंना शुक्रवारी घरी आणायचं होतं. काकांनी सोमवारपर्यंत थांबायला सांगितलं. रविवारी काकू गेल्या.

काका आमच्या खालच्या मजल्यावर राहायचे. देवळाली कॅम्पातल्या एका वर्कशॉपमधून निवृत्त झालेले. "सुकू दे आधी," हे त्यांचं कायमचं वाक्य. पुसलेल्या फरशीवर पाहुण्यानं पाय ठेवायचा नाही, धुतलेल्या कपात लगेच चहा ओतायचा नाही. असा माणूस तुमच्याही इमारतीत असेल. त्याच्या दारात ताटकळताना तुम्हालाही हसू आलं असेल.

काकूंना दमा होता. थंडी पडली की खिडकी गच्च बंद आणि आत वाफेचं मशीन. सकाळी काचांवरून पाणी ओघळून खालच्या लाकडी फळीवर साचायचं. फळीच्या रंगाला फोड आले, कोपऱ्यांत काळी बुरशी धरली. काका रोज जुन्या बनियननं ती पुसायचे. ही बुरशीच काकूंच्या छातीत जाते, असं त्यांनी मनाशी धरलं होतं. पण ऑइलपेंटच्या वासानं काकूंना धाप लागायची, म्हणून रंगाचं काम दरवर्षी राहून जायचं.

"उघडा हो ती खिडकी. मी काय निफाडचं द्राक्ष आहे, थंडीनं तडकायला?"

"तडकतेस की रोज," काका म्हणायचे.

त्या जानेवारीत काकूंना दवाखान्यात ठेवलं. खोली रिकामी झाली. काकांनी फळी खरवडली, टेबलफॅन लावून सुकवली, फटींत पुट्टी भरली आणि काकूंच्या आवडीच्या पिस्ता रंगाचे दोन हात दिले. मला मुद्दाम बोलावून दाखवली. इतके खूश मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

शुक्रवारी डॉक्टर म्हणाले, घरी न्या. काका फळीशी वाकून पुन्हा पुन्हा हुंगत राहिले. मग त्यांनी काकूंना स्पीकरवर फोन लावला. मी तिथेच होते.

"वास आहे गं अजून. सोमवारी आणतो."

"मला चालेल तो वास," काकू म्हणाल्या. "इथला नको झालाय."

"दोनच दिवस. सुकू दे आधी."

तेराव्याला आलेल्या प्रत्येकाला काका त्या खोलीत नेत होते. "वास येतोय का?" लोक त्यांना बरं वाटावं म्हणून म्हणत, "छे, अजिबात नाही." काकांचा चेहरा उतरे. का, ते मला उशिरा कळलं. वास शुक्रवारीच गेलेला असेल, तर काकूंना त्यांनी उगाच थांबवलं होतं.

पुढे ते मलाही विचारू लागले. अधूनमधून वर यायचे, दारातच उभे राहायचे. "अगं, जरा बघतेस का?" मी खाली जायचे, फळीपाशी उभी राहून श्वास घ्यायचे.

"येतो, काका. थोडा येतोच आहे."

"येतो ना?"

"येतो."

त्या दिवशी ते दोन घास जेवत.

मागच्या थंडीत काकाही गेले. त्यांच्या मुलीनं घराची किल्ली माझ्याकडे ठेवली आहे. मी कधीतरी जाऊन झाडून येते. खिडकी बंद असते. काचांवर पाणी धरत नाही. फळी कोरडी आहे.