भैरवीच्या आधी उठणारा माणूस

शिरीष लवाटे राहतो बाडहूव्हडॉर्पमध्ये, म्हणजे स्किपोल विमानतळाच्या अगदी कुशीत. स्वयंपाकघराच्या खिडकीतून विमानांची पोटं दिसतात. तरी भारतात जायचं असलं की हा गृहस्थ पाच तास आधी बॅगा ओढत निघतो आणि काउंटर उघडायच्या आधी काउंटरसमोर उभा असतो. उतावळा नवरा गुडघ्याला बाशिंग ही म्हण त्याच्या जन्माआधीची आहे म्हणून, नाहीतर ती त्याच्यावरूनच पडली असती.

कोरोना आला तेव्हा तर त्याच्या या गुणाला पालवीच फुटली. लोक अजून बातम्या वाचत होते, तोवर याच्या घरात कणकेच्या पिशव्यांची थप्पी लागलेली. ऑफिसच्या ऑनलाइन मीटिंगला तो सगळ्यांच्या आधी येऊन आपल्याच चेहऱ्याकडे बघत बसायचा. घरी पाव करायचं खूळ गल्लीत पहिल्यांदा त्याने आणलं, डचचा ऑनलाइन क्लास लावला, पोटमाळ्यावर ऑफिस बांधायला घेतलं. पावाचं आंबवण पुढे जगवलं त्याच्या बायकोने, मंजूषाने. डचची परीक्षा तिनेच दिली आणि पोटमाळ्याचं दारही तिनेच बसवलं. हत्ती शिरीषने आत ढकलायचा आणि शेपूट मंजूषाने, अशी त्या घराची रीत. मंजूषा विमानतळावर मालवाहतुकीचं नियोजन बघते. तिथे लोकांचे घोळ निस्तरायचा तिला पगार मिळतो, घरचे ती फुकट निस्तरते.

आता, जो सगळीकडे पहिला पोचतो त्याला पहिलं निघायचीही घाई असते. शिरीषने आजवर एकही मैफल पुरती ऐकलेली नाही. मराठी मंडळाच्या कार्यक्रमात गायिका भैरवीसाठी तानपुरे जुळवायला लागली, की हा पार्किंगमधून गाडी काढत असतो. सिनेमातला खुनी कोण, हे तो गाडीत बसून मंजूषाला विचारतो.

अशा माणसाच्या पोटी ईशानी जन्मली. चौदा वर्षांची, सावकाश चालणारी, सावकाश जेवणारी, मराठी समजणारी आणि इंग्रजीत उत्तर देणारी. बापाने तिच्यासाठी क्रिकेटची बॅट आणली होती. तिने ती दाराला अडसर म्हणून वापरली आणि गावाबाहेरच्या बेसबॉलच्या क्लबात नाव घातलं. तिथे ती पिचर झाली, म्हणजे चेंडू फेकणारी.

दोन हजार एकवीसच्या वसंतात बाहेरच्या क्लबांशी सामने बंद होते. म्हणून शनिवारी क्लबातल्याच पोरांच्या दोन टीम करून खेळायचं, आणि आईबापांनी कुंपणाच्या बाहेर राहायचं, असा नियम होता. शिरीष अर्थातच सगळ्यांच्या आधी येऊन कुंपणापलीकडे, झुडपातल्या एकुलत्या एक फटीसमोर, घडीचं स्टूल टाकायचा. गळ्यात दुर्बीण. मात्र क्लबाच्या दारातच कालव्यावर अरुंद लाकडी पूल आहे. सामना संपला की सगळ्या सायकली तिथे अडकतात. तेव्हा शेवटच्या डावाच्या जरा आधी शिरीष स्टूल काखोटीला मारून सायकलीसकट पूल ओलांडायचा आणि पलीकडे ऐटीत लेकीची वाट बघायचा.

याचा परिणाम असा झाला, की आपली मुलगी सामनाभर बाकावर बसून असते, अशी त्याची ठाम समजूत झाली. कारण ईशानीला आत बोलवायचे ते नेमकं शेवटच्या डावात. पहिल्या पिचरचा हात थकायचा, सामना हातातून निसटायला लागायचा, आणि मग तिच्या नावाचा पुकारा व्हायचा. घरी बाप विचारायचा, आज खेळवलं का? ती म्हणायची, अ बिट. बाप मनातल्या मनात कोचला शिव्या घालायचा.

मे महिन्यात रेमको या कोचने ईशानीला विचारलं, की खरे सामने सुरू झाले की तुला काय आवडेल? सुरुवातीपासून चेंडू फेकणारी स्टार्टर व्हायचं, की मागून येऊन सावरणारी रिलीव्हर? शनिवारच्या सामन्यानंतर सांग. हे घरी कळलं मात्र, शिरीष पेटला. हा कॉलेजात नव्या चेंडूने बोलिंग टाकायचा. नवा चेंडू ज्याच्या हातात, मान त्याचा. मागून येणारा म्हणजे बारावा गडी, पाणी नेणारा. लवाट्यांची मुलगी पाणी नेणार नाही, असं त्याने जाहीर केलं. रात्रीतून प्रेझेंटेशन बनवलं, आलेखबिलेख घालून रेमकोला पाठवलं. रेमकोचं उत्तर दोन ओळींचं आलं. स्लाईडांचे रंग छान आहेत. निर्णय ईशानीचा आहे.

डच माणसाला शिष्टाचार नाही, असा निष्कर्ष शिरीषने काढला आणि तो ईशानीच्या मागे लागला. जेवताना स्टार्टर, भांडी घासताना स्टार्टर. तिचं मन तिने फक्त आईला सांगितलं होतं. तिला मागूनच यायचं होतं. पण बाबाचं तोंड पडेल, या एका भीतीने ती ते त्याला सांगत नव्हती. हो म्हटलं असतं तर आवडती जागा गेली असती, आणि नाही म्हटलं असतं तर बाप दुखावला असता.

शुक्रवारी मंजूषाने तोंड उघडलं. ती पोळ्या लाटत होती, शिरीष मोठा कलाकार आधी आणि लिंबूटिंबू नंतर, असं काहीतरी समजावत होता.

"मैफलीत नवशिका आधी गातो, शिरीष," ती म्हणाली. "मोठा गवई मागून येतो. आणि भैरवी सगळ्यांत शेवटी. तू ऐकली आहेस का कधी?"

शिरीषने पाणी प्यायला घेतलं आणि बराच वेळ पीत राहिला.

शनिवारी क्लबाच्या दाराशी ईशानीने बापाची सायकल आपल्या हातात घेतली. तू जा, तुझी जागा जाईल, मी कुलूप लावते, अशा अर्थाचं काहीतरी ती इंग्रजीत म्हणाली. एरवी स्वतःच्या सायकलीला कुलूप लावायचं न सुचणारी मुलगी. दुसरा कोणी असता तर त्याला शंका आली असती. शिरीष मात्र फट गाठायला धावत सुटला.

सामना रंगला. ईशानी बाकावर. शिरीष दुर्बिणीतून रेमकोकडे डोळे वटारून बघत होता. शेवटचा डाव आला तसा तो सवयीने उठला, स्टूल घेतलं, सायकलीपाशी आला. कुलपाला किल्ली नव्हती. त्याने सगळे खिसे उलटे केले. मास्क निघाला, सॅनिटायझर निघालं, किल्ली नाही. हातात स्टूल, समोर रिकामा पूल, आणि पाय जागच्या जागी. चडफडत तो परत फटीशी आला.

तर तिन्ही बेसवर, म्हणजे धावेच्या वाटेवरच्या तिन्ही थांब्यांवर, समोरच्या टीमचे गडी उभे होते. ईशानीच्या टीमची आघाडी एका धावेची. पहिला पिचर रडवेला होऊन उतरला होता आणि रेमकोने हात वर केला होता. बाकावरून ईशानी निघाली, घरात पाणी प्यायला उठते त्या चालीने. मध्येच थांबून तिने बुटाची नाडी बांधली. मग पिचरच्या टेकाडावर उभी राहून सरळ झुडपातल्या फटीकडे बघितलं.

पहिल्या पोराने तीनदा बॅट फिरवली, तिन्ही वेळा वाऱ्यावर, आणि बाद झाला. दुसऱ्याने चेंडू आभाळात उडवला, तो झेलला गेला. तिसरा दांडगा होता, जागच्या जागी नाचत होता. ईशानीने हात तर जोरात फिरवला, पण चेंडू रमतगमत आला, आणि बॅट त्याच्या आधीच फिरून गेली. तिने दुसरा तसाच टाकला. तिसराही. पोरगा आपल्याच झोकात गुडघ्यावर आला. तिसरा गडी बाद, सामना खिशात. उतावळ्या माणसाला कसं हाताळायचं, हे पोरीने घरातच बघून ठेवलं होतं. शिरीषला ते कळलं आणि त्याचे कान गरम झाले. मग झुडपातून त्याने अशी शिट्टी मारली की क्लबाचा माणूस नियम सांगायला धावत आला.

ईशानी बाहेर आली तेव्हा पुलावर सायकलींचा खच झाला होता. तिने ग्लव्हमधून किल्ली काढून बापाच्या हातावर ठेवली. शिरीष ओरडणार होता, पण ती मराठीत बोलायला लागली, तेव्हा तो थांबला.

"बाबा, मी आत येते ना, तेव्हा दर वेळी तिकडे बघते. तुझं स्टूल नसतं."

पूल मोकळा व्हायला बराच वेळ लागला. दोघं सगळ्यांत शेवटी घरी पोचले. त्याच संध्याकाळी ईशानीने रेमकोला मागूनच यायचा आपला निर्णय कळवला, बापाला न विचारता.

जूनमध्ये प्रेक्षकांना आत सोडायला लागले. पहिल्या सामन्याला शिरीष दार उघडायच्या आधी दारात होता, तो स्वभाव जायचा नाही. खुर्ची धरायला पळण्याआधी त्याने सायकलीला कुलूप लावलं, किल्ली काढली आणि स्वतःच्या हाताने ईशानीच्या ग्लव्हमध्ये टाकली.