विहिरीवरचा हत्ती

कल्याण-डोंबिवलीत इतिहासावर बोलायला उभं राहणाऱ्याला माईक बंद पडण्याची धास्ती नसते. त्याला धास्ती असते पहिल्या रांगेत श्रीपाद घैसास बसले असण्याची. वक्ता जरा रंगात आला की घैसास हात वर करून विचारणार, "याला संदर्भ काय?" या एका प्रश्नाने त्यांनी तीन व्याख्याते आणि स्वतःचा एक जावई कायमचा गप्प केला होता.

सरकारी नोकरीतून निवृत्त झाल्यावर त्यांचा सगळा जीव शहाडजवळच्या पायऱ्यांच्या विहिरीत अडकलेला. दर रविवारी हौशी मंडळींना तिथे नेऊन ते सांगत की विहीर पेशवाईतली, या रुंद पायऱ्यांवरून हत्ती पाण्याला उतरत. पाच पुस्तकांत तसं छापलेलं होतं, म्हणजे प्रश्नच मिटला. मग शेजारच्या सोसायटीला गाड्या लावायला जागा हवी झाली आणि विहीर बुजवायचा अर्ज पालिकेकडे गेला. सोमवारी सुनावणी होती. ती ऐतिहासिक असल्याचा मूळ पुरावा आणला तर विहीर राहणार, नाहीतर भराव पडणार.

घैसासांनी पाचही पुस्तकं काढली. पाचव्याने चौथ्याचा हवाला दिलेला, चौथ्याने तिसऱ्याचा. असं मागे जात जात पहिलं पुस्तक बोट दाखवत होतं त्र्याऐंशी सालच्या एका स्थानिक साप्ताहिकाकडे. त्याचे बांधलेले अंक कल्याणच्या एका जुन्या वाचनालयाच्या माळ्यावर निघाले. "वाळवीनं काही ठेवलं असेल तर बघा," म्हणत ग्रंथपाल मंदाकिनीताईंनी गठ्ठा पुढ्यात टाकला.

जूनच्या अंकात सापडलं. ती बातमी नव्हती, वाचकाचं पत्र होतं. 'गोदूबाई नावाची वृद्धा सांगते, तिच्या खापरपणजोबांनी इथे पेशव्यांचे हत्ती पाहिले.' खाली सही, 'एक शहाडकर'.

घैसासांना ती वाक्यं ओळखीची वाटली. गोदूबाई त्यांची आत्या. तिने जन्मात हत्ती पाहिला तो सर्कशीत, आणि विहिरीबद्दल ती एवढंच म्हणायची की मेल्यांनो, तिच्यात कचरा टाकू नका. तो कचरा थांबावा म्हणून तेवीस वर्षांच्या श्रीपादनेच हत्ती ठोकून दिला होता. नवी नोकरी, म्हणून नाव घातलं नव्हतं. पुढे स्वतःची थाप ते साफ विसरले आणि पुस्तकांत वाचून तिच्यावर विश्वास ठेवून बसले.

रविवारभर त्यांना जेवण गेलं नाही. विहीर वाचवायची तर थाप पचवायची, आणि ते त्यांच्याच्याने होईना.

सोमवारी त्यांनी सुनावणी घेणाऱ्या तरुण अभियंता नीरजा यांच्यापुढे पत्राची झेरॉक्स ठेवली आणि मान खाली घालून सगळं कबूल केलं. "हत्ती खोटा आहे मॅडम. विहीर खरी आहे, तेवढं बघा."

नीरजाने कागद उलटसुलट पाहिला. "काका, हे प्रिंटेड आहे, चाळीस वर्षं जुनं. वर पाच बुक्स. फाइलला एवढंच लागतं. आणि तुम्ही म्हणताय हा शहाडकर तुम्हीच, सगळं तुम्ही बनवलेलं."

"हो."

"याला संदर्भ काय?"

घैसास आयुष्यात पहिल्यांदा त्या प्रश्नाचं उत्तर शोधत बसले. ते सापडलं नाही आणि विहीर वाचली. आता तिथे दगडी फलक आहे, त्यावर हत्ती कोरलेला. रविवारी मंडळी आली की घैसास फलकाकडे पाठ करून उभे राहतात आणि कचऱ्याबद्दल बोलतात.